दुसऱ्या फेरीची सही

मशीनकाकांनी दोन्ही कागदांवर सही केली तेव्हा मी त्यांच्या समोर बसले होते. सही झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण नीट बसवलं. चष्मा काढला. आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि हसले. घरी आलेल्यांना पोटभर वाढून झाल्यावर माणूस हसतो तसं.

त्या हसण्याचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.

काका शिलाई मशीनच्या कंपनीत मेकॅनिक होते. कारखान्यात नव्हे, बाहेरच्या कामावर. कुणाचं मशीन अडलं की लोक कंपनीत तक्रार नोंदवत आणि काका पिशवी घेऊन त्या घरी जात. सगळी नोकरी त्यांनी दुसऱ्यांच्या घरात काढली. आपल्या घरात ते पाहुण्यासारखे राहतात, असं त्यांची बायको म्हणायची. ती गेली आणि ते खरोखरच तिथले पाहुणे झाले. कोणती वस्तू कुठे असते ते त्यांना ठाऊक नव्हतं. विचारायला कुणी नव्हतं. चहाची गाळणी सापडायला आठवडा लागला, असं त्यांनीच मला हसत सांगितलं.

माझी त्यांची ओळख कंपनीमुळे झाली. मी साहित्यात पदवी घेतली होती, त्यामुळे हाताशी भरपूर वेळ होता. त्याच सुमाराला दोन मोठे उद्योग ही जुनी कंपनी विकत घ्यायला निघाले. एक विजेच्या मोटारी बनवणारा. दुसरा तयार कपडे विकणारा. शिलाई मशीन आता फारसं कुणी घेत नव्हतं, पण कंपनीचं नाव घरोघरी माहीत होतं आणि कारखान्याची जागा शहराच्या मधोमध होती. मोटारवाल्यांनी एका शेअरला भाव सांगितला. कपडेवाल्यांनी त्यावर चढवला. मोटारवाल्यांनी पुन्हा वाढवला. टीव्हीवर याला युद्ध म्हणत. पडद्यावर लाल बाण खाली यायचे, हिरवे बाण वर जायचे, आणि कोट घातलेली माणसं हल्ला, वेढा, माघार असले शब्द वापरायची.

आमच्या वाट्याला जिने आले.

झालं होतं असं की एका वाईट वर्षी कंपनीने कामगारांना बोनसऐवजी शेअर दिले होते. तेव्हा सगळ्यांनी तोंडं वाकडी केली होती. आता मोठ्या लोकांचे शेअर दोन्हीकडे जवळजवळ सारखे वाटले गेले आणि गाडं या म्हाताऱ्यांपाशी येऊन अडलं. मग दोन्ही बाजूंनी माणसं नेमली. घरोघर जायचं, समजावून सांगायचं, आपल्या बाजूच्या होकाराच्या कागदावर सही आणायची. ही माणसं संगणकावर बोट दाबून होकार देणाऱ्यांतली नव्हती. मोटारवाल्यांकडून माझी नेमणूक झाली. तात्पुरती, निकाल लागेपर्यंत.

आमचा कागद निळा होता. त्यांचा हिरवा. पहिल्याच दिवशी साहेबांनी एक नियम पाठ करून घेतला. एका माणसाने एकाच बाजूला होकार द्यायचा. एकाच माणसाचे दोन होकार आले, तर दोन्ही रद्द.

ऑफिसच्या भिंतीवर नावांचे तीन गट होते. पक्के, समोरच्यांकडे गेलेले आणि डळमळीत. पक्क्यांकडे पुन्हा कुणी जात नसे. गेलेल्यांकडेही नाही. डळमळीतांचे उंबरे मात्र झिजवायचे, असा हुकूम होता.

मशीनकाका डळमळीत होते. शेवटपर्यंत.

पहिल्यांदा गेले तेव्हा दार उघडायला त्यांना वेळ लागला. आत एक कडी, मग दुसरी कडी, मग साखळी.

"कोण?"

"कंपनीकडून आले आहे, काका."

साखळीच्या फटीतून एक डोळा दिसला.

"मशीन तर बंद पडलेलं नाही," तो डोळा म्हणाला.

"मशीनचं नाही. शेअरचं."

"अस्सं. म्हणजे तुम्ही हल्ली आपण होऊन येता." त्यांनी साखळी काढली. "आमच्या वेळी तक्रार केल्याशिवाय कुणी जात नसे. ये, बस."

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत टेबल, एक खुर्ची, एक स्टूल. कोपऱ्यात झाकण घातलेलं शिलाई मशीन. आतल्या खोलीत कुणीतरी बोलत होतं. मला वाटलं, पाहुणे आहेत. नंतर कळलं, रेडिओ होता. तो ते बंद करत नसत.

मला त्यांनी खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसले. मी पाठ केलेलं सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. इतकं लक्ष देऊन माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. शेवटी मी निळा कागद पुढे केला आणि सही करायची जागा दाखवली.

"इथे सही केली की काम झालं?"

"झालं, काका."

"मग तुला परत यावं लागणार नाही."

"अजिबात नाही. एवढं सोपं आहे." मी हे फायदा म्हणून सांगितलं होतं.

त्यांनी कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. ती त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिली. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"घाईचं काम नाही ना? विचार करतो. पुढच्या आठवड्यात ये."

मी जिन्यात येईपर्यंत मला कळून चुकलं होतं. सही केली की येणं बंद होणार होतं. त्यांना ते माझ्याआधी कळलं होतं.

पुढच्या वेळी ओट्यावर एक ओला कप पालथा घातलेला होता.

"हिरवेवाले येऊन गेले वाटतं?" मी विचारलं.

"येऊन गेले. चांगला माणूस आहे. आधी विमा विकायचा. बसला की उठत नाही." काकांच्या आवाजात समाधान होतं. "तो म्हणाला, निळ्यांकडे देऊ नका, ते सगळं मोडून खातील."

"आणि ते काय करणार?"

"तेच विचारलं मी. म्हणाला, आम्ही न मोडता खाऊ."

त्यांना हसू आवरेना. मलाही. त्या दिवसापासून माझ्या प्रतिस्पर्ध्याचं नाव विमावाले पडलं. आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण एकमेकांचे कप पाहिले होते. काका आमच्यातला पूल झाले. 'त्या मुलीला सांगा, साहित्य शिकून शेअर गोळा करतेय, आईबापांना कळवलंय का?' असा निरोप यायचा. मी उलट निरोप धाडायची, 'विमा विकून झाला, आता माणसांच्या मागे लागलेत, त्यांना म्हणावं माणसं अजून जिवंत आहेत.' काका दोन्हीकडचे निरोप न चुकता पोचवायचे. मध्ये आपली थोडी भरही घालायचे, असा मला संशय आहे.

"दोन-दोन मोठ्या कंपन्या दाराशी," ते म्हणायचे. "मी हल्ली भाव खातोय."

त्यांची मुलगी दूरदेशी होती. एकदा मी बसले असताना तिचा फोन आला. काकांचा फोन जरा जोरात वाजायचा आणि जोरातच बोलायचा, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, अजून तेच चाललंय? जो जास्त देतोय त्याला देऊन टाका आणि मोकळे व्हा."

"मोकळाच आहे गं."

"तसं नाही. डोक्याला ताप नको म्हणून म्हणतेय."

"ताप नाही. माणसं चांगली आहेत. आत्तासुद्धा एक बसली आहे."

"कोण बसलंय? बाबा, कुणालाही घरात घेऊ नका हां!"

"बरं," काका म्हणाले आणि माझ्याकडे बिस्किटांची बशी सरकवली.

तिचं चुकत नव्हतं. ती घाईत होती, एवढंच. तिच्या मागे ऑफिसचे आवाज येत होते. फोन ठेवल्यावर काका काही वेळ तो हातातच धरून बसले. मग म्हणाले, "शेअरची चौकशी करायला एक नंबर दिलाय ना तुमच्याकडे? मी लावतो कधी कधी. एक बाई बोलते. एक दाबा, दोन दाबा. नीट बोलते, पण थांबत नाही."

डळमळीत राहणं हे सुद्धा काम असतं, हे मी त्यांच्याकडून शिकले. रोज 'विचार करतोय' म्हणून भागत नाही. दर वेळी विचार करायला काहीतरी लागतं. काका एकेक प्रश्न शोधून ठेवायचे. जुन्या कामगारांच्या निवृत्तिवेतनाचं काय? कारखान्याचा भोंगा ठेवणार का? सुट्या भागांचं दुकान राहणार का? मी तो प्रश्न ऑफिसात न्यायची, उत्तर आणायची. उत्तर मिळालं की त्यांचा चेहरा पडायचा. मग ते दुसरा प्रश्न काढायचे.

एकदा त्यांनी विचारलं, "दुसरी फेरी ठेवणार का?"

"कसली दुसरी फेरी?"

तेव्हा त्यांनी मला त्यांच्या कामाची रीत सांगितली. ही पद्धत त्यांच्याच कंपनीत होती. मशीन दुरुस्त केलं की काम संपत नसे. आठवडा उलटल्यावर मेकॅनिकने त्याच घरी परत जायचं. काही खोलायचं नाही, तेल घालायचं नाही, पैसे मागायचे नाहीत. नुसतं बसायचं. घरच्या बाईने कपडा चालवायचा आणि मेकॅनिकने ऐकायचं. मशीन नीट चाललं असलं तर त्याच्या आवाजाकडे लक्षच जात नाही, आणि मग गप्पा निघतात. काकांना शहरातली सगळी लग्नं, सगळी भांडणं, कुणाचा मुलगा बोलत नाही आणि कुणाची सून चांगली निघाली, हे दुसऱ्या फेरीत कळलं होतं.

"आणि निघताना सही घ्यायची," ते म्हणाले. "पहिल्या फेरीची एक, दुसऱ्या फेरीची एक. घरच्या माणसाने सही केली तरच आपण गेलो होतो. नाही तर नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे फेरी धरत नसत. दिवसाचा पगार गेला. उन्हातान्हात जा, जिने चढा, मशीन गाताना ऐका. पण सही नसेल तर तू घरीच झोपला होतास, असं ऑफिस म्हणणार. आणि लोकांचं काय होतं सांगू? सही म्हटलं की लोक बिचकायचे. कशावर घेतोय, घर लिहून घेतोय का! मी म्हणायचो, बाई, तुमचं काही जात नाही. मी आलो होतो, एवढंच त्यात लिहिलंय."

त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनकडे पाहिलं.

"आमच्या हिने कधी सही दिली नाही."

"काकूंनी?"

"हिचं मशीन कायम अडलेलं. गावची मशिनं चालवतोस, माझंच तेवढं उपाशी, म्हणून रोज बोलणी खायचो. एकदा सुट्टी काढून सगळं खोललं, बसवलं. चाललं झकास. मग गंमत म्हणून पावती पुढे केली, म्हटलं, बाईसाहेब, सही. तर म्हणते कशी, आपल्याच घरी आल्याची सही मागतोस? आधी ये तर खरा!"

ते हसले. मी हसले. आत रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं.

भाव चढत गेला. ऑफिसात आवाज चढत गेले. भिंतीवरचे डळमळीत एकेक करून पक्के होत गेले किंवा गेलेले होत गेले. माझ्याकडच्या यादीत शेवटी मोजकी नावं उरली आणि साहेबांनी सांगितलं, आता आठवड्याला नाही, दिवसाआड जा. काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. सुखाने.

"विमावालेही तेच म्हणत होते," ते म्हणाले. "रोज येऊ का, विचारत होते. म्हटलं, बघा बाबा, तुम्हाला जमत असेल तर."

त्यांनी दाढी रोज करायला सुरुवात केली. रेडिओ बंद झाला. दाराची साखळी लावणं त्यांनी सोडून दिलं. मला जिन्यातच कळायचं की आत किटली चढली आहे, कारण माझी पावलं ते ओळखायला लागले होते. एकदा ते म्हणाले, "तू दुसऱ्या मजल्यावर जरा थांबतेस. दम लागतो का?" दम लागत नव्हता. तिथे मी पाठ केलेलं एकदा आठवून घ्यायची. पण आता आठवायला काही उरलं नव्हतं. मी नुसतीच थांबत होते, सवयीने.

शेअरबद्दल आम्ही बोलणं सोडलंच होतं. निळा कागद मी टेबलावर ठेवायची आणि जाताना उचलायची.

मग तो दिवस आला ज्याच्या संध्याकाळी दोन्ही बाजूंचे होकार घेणं बंद होणार होतं. काकांनी मला दुपारी बोलावलं होतं. जिन्यात माझ्या पुढे एक गृहस्थ चढत होते. बारीक, केस पांढरे, काखेत चामडी बॅग. तिसऱ्या मजल्यावर ते थांबले आणि वळले.

"तुम्ही म्हणजे बिनसाखरेच्या," ते म्हणाले.

"आणि तुम्ही तीन चमचे," मी म्हणाले.

"तीन? दोन! म्हातारा वाढवून सांगतो."

दार उघडंच होतं. आत स्टुलाशेजारी आज दोन खुर्च्या होत्या. एक शेजाऱ्यांकडून आणलेली असणार, कारण तिच्या पाठीवर कुणाच्या तरी लहान मुलाने रंगीत खडूने रेघोट्या मारल्या होत्या. टेबलावर तीन कप. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आम्हाला दोघांना एकत्र पाहून त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला खाली बघावं लागलं.

"बसा, बसा. ओळख झाली? हे विमावाले. ही आपली साहित्यवाली."

"काका, आज तरी निकाल लावा," विमावाले खुर्चीत टेकत म्हणाले. "मला एक कळू द्या, माझ्या विनोदांचा काही उपयोग झाला का?"

"तुमच्या विनोदांमुळेच ते आमच्याकडे येणार आहेत," मी म्हणाले.

"बघितलंत काका? लहानांनी मोठ्यांशी असं बोलायचं, हेच शिकवतात वाटतं साहित्यात!"

काका चहा ओतत होते. आम्ही चहा प्यालो. बिस्किटं खाल्ली. विमावाल्यांनी त्यांच्या जुन्या साहेबाचा किस्सा सांगितला, मी आमच्या ऑफिसातला. बराच वेळ कुणी काही खोललं नाही, काही मागितलं नाही. दुसऱ्या फेरीत असंच होत असावं.

मग काकांनी कप बाजूला सारले, रुमालाने टेबल पुसलं आणि चष्मा चढवला.

"आणा कागद."

विमावाल्यांनी हिरवा काढला. मी निळा काढला. दोन्ही शेजारी शेजारी. त्यांनी पेन उघडलं, निळा पुढे ओढला आणि सावकाश, एकेक अक्षर लावून सही केली. विमावाल्यांनी मोठा श्वास सोडला. "चला, साहित्याचा विजय," ते म्हणाले आणि आपला कागद उचलायला हात पुढे केला.

काकांनी तो हात अलगद बाजूला केला आणि हिरव्यावरही सही केली.

काकांनी टोपण बसवलं, चष्मा काढला, आमच्याकडे पाहिलं आणि हसले.

"काका, अहो," विमावाले म्हणाले. "दोन्हीवर?"

"दोघे आलात ना?"

"तसं नाही चालत. एकालाच होकार द्यायचा. दोन दिले तर दोन्ही रद्द. सांगितलं होतं मी तुम्हाला."

"मीही सांगितलं होतं," मी म्हणाले.

"होकार कुठे दिला मी?" काका म्हणाले. "सही दिली. एवढे दिवस दोघे येताय, हात हलवत परत जाताय. आज शेवटचा दिवस. तुमच्या फेऱ्या नको का धरायला?"

मी दोन्ही कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवले.

"काका," मी म्हणाले, "एकावर काट मारा. कुठल्याही. हवं तर माझ्यावर मारा."

"काट?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही वाईट बोलले होते. "म्हणजे तुमच्यातलं एक जण आलंच नव्हतं, असं लिहू?"

"आमचा पगार महिन्याचा आहे हो," विमावाले हळूच म्हणाले. "सही असो, नसो. दिवस बुडत नाही आमचा."

काका थांबले. हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"सहीवर नाही पगार?"

"नाही."

"मग इतक्या वेळा कशाला आलात?"

प्रश्न साधा होता. भिंतीवरची ती यादी माझ्या डोळ्यांपुढे आली. डळमळीत. त्या यादीत नाव होतं म्हणून आलो, हे खरं होतं आणि ते सगळं खरं नव्हतं. मला दोन्ही सांगता येईना.

"चहासाठी," विमावाले म्हणाले.

काका आधी पाहत राहिले. मग हसले. खूप हसले. डोळे पुसले.

पण काट मारली नाही. आम्ही पुन्हा समजावलं. रद्द म्हणजे काय, ते सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते, माझं पहिल्या दिवशी ऐकलं होतं तितक्याच लक्ष देऊन. शेवटी उठले, दोन्ही कागद उचलले, ज्याचा त्याच्या हातात दिला आणि आम्हाला दारापर्यंत सोडायला आले.

"सांभाळून उतरा," ते म्हणाले. "खालचा दिवा गेलाय."

दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघे थांबलो.

"तुम्ही फाडता का?" मी विचारलं.

"तू फाड."

मी कागदाकडे पाहिलं. सहीचं शेवटचं अक्षर जरा खाली घसरलं होतं. त्याखाली त्यांनी छोटीशी रेघ ओढली होती, पावतीवर ओढतात तशी.

"मला नाही फाडता येणार," मी म्हणाले.

"मलाही नाही," विमावाले म्हणाले. बॅगेची चेन त्यांनी दोनदा उघडली, दोनदा लावली. "आयुष्यभर सह्या घेतल्या मी. लोकांनी मला टाळण्यासाठी दिल्या, धाकाने दिल्या, कंटाळून दिल्या. मी आलो म्हणून कुणी दिली नव्हती."

खाली रस्त्यावर ते एकीकडे गेले, मी दुसरीकडे. संध्याकाळच्या आत आम्ही दोघांनीही आपापला कागद जमा केला. दोन्ही रद्द झाले.

कपडेवाले जिंकले. टीव्हीवर दोन्ही उद्योगांचे मालक हात मिळवताना दिसले. हरलेल्यांनी आपल्याकडचे शेअर चढ्या भावाने जिंकलेल्यांना विकले आणि त्यातही कमावलं. दोघेही हसत होते. युद्धात इतकं कुणी हसत असेल असं वाटत नाही. माझी नोकरी संपली. विमावाल्यांचीही संपली, जिंकूनही.

काकांच्या शेअरची मला काळजी होती. मी ऑफिसात विचारलं. साहेब खोकी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "त्यात काय. त्यांच्याकडे आता जवळजवळ सगळीच कंपनी आली. मग उरलेल्या चिल्लर लोकांचे शेअर कायद्याने आपोआप घेता येतात. भाव तोच. पैसे थेट खात्यात."

"पण सही?"

"सही नाही लागत त्याला. विचारावंही लागत नाही."

मी खुर्चीत बसले. साहेबांनी माझ्याकडे पाहून पाण्याचा ग्लास पुढे केला.

म्हणजे काकांचं काही बुडालं नाही. एक पैसाही नाही. त्यांनी सही केली असती, नसती केली, एकावर केली असती, दोन्हीवर केली असती, सगळं सारखंच झालं असतं. पैसे जमा झाले. कुणालाही तो जिना चढावा लागला नाही.

काही आठवड्यांनी मी गेले. मुद्दाम उशीर केला असं नाही. दुसरी नोकरी शोधत होते. दुसऱ्या मजल्यावर थांबले. वर किटलीचा आवाज नव्हता. दारामागे रेडिओ बोलत होता.

एक कडी. दुसरी कडी. साखळी पुन्हा आली होती.

"कोण?"

"मी आहे, काका."

फटीत डोळा दिसला. साखळी निघाली. दाढी वाढली होती. त्यांनी मला आत घेतलं आणि लगबगीने टेबलावरचा पेपर उचलला, रुमालाने टेबल पुसलं. बाहेर एक खुर्ची आणि एक स्टूल.

"पुन्हा कुणी कंपनी घेतंय का?" त्यांनी विचारलं. डोळ्यांत एकदम काहीतरी पेटलं होतं.

"नाही, काका."

"मग निळेवाले कोर्टात गेले?"

"नाही. संपलं ते सगळं."

"पैसे आले माझे," ते म्हणाले. "आपोआप आले. मला वाटलं, कुणीतरी सांगायला येईल. फोनवर एक ओळ आली." त्यांनी पेपराची घडी घातली. "विमावाले भेटतात का?"

"नाही. तुमच्याकडे?"

"येणार म्हणाले होते. कामात असतील."

त्यांनी किटली चढवली. एक कप माझा, हे त्यांना आठवत होतं. साखर घातली नाही. आम्ही चहा प्यालो. मी माझं सांगितलं. त्यांनी मुलीचं सांगितलं. कारखान्याचा भोंगा बंद झाला होता, त्यामुळे दुपार कधी झाली ते कळत नाही म्हणाले. मध्येच बोलणं संपायचं आणि आम्ही दोघेही कोपऱ्यातल्या झाकलेल्या मशीनकडे पाहत बसायचो.

मी निघायला उठले तसे ते आत गेले. चष्मा आणि पेन घेऊन आले. खुर्चीत बसले, टोपण काढलं आणि हात पुढे केला.

"आण."

"काय, काका?"

"कागद."

"कागद नाही. आज मी सहज आले."

"सहज?"

"दुसरी फेरी समजा."

त्यांनी थोडा विचार केला. पेन तसंच उघडं होतं. माझ्या रिकाम्या हातांकडे त्यांनी पाहिलं, मग पर्सकडे.

"दुसऱ्या फेरीलाही सही लागते गं," ते हळूच म्हणाले, मला वाईट वाटू नये अशा बेताने. "नाही तर धरणार कोण?"

परत येईन, असं मी म्हणाले. ते बरं म्हणाले, जसं मुलीला फोनवर म्हणाले होते.

मी जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावर सवयीने थांबले. वर कडी लागल्याचा आवाज आला नाही. साखळीचाही नाही. मी पुन्हा पाऊल उचलेपर्यंत ते दारात उभे राहून ऐकत असावेत.